आधी नोंद की आधी शोध?

व्हिडिओ गेम म्हणजे प्रोग्रामिंग, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. स्टुडिओत गेलं की चित्र वेगळं दिसतं. प्रोग्रामच्या फायली तुलनेने थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती चित्रं, त्रिमिती मॉडेलं, टेक्श्चर, हालचालींच्या नोंदी, आवाज, संवाद, नकाशे अशा हजारो फायली पसरलेल्या असतात. या सगळ्याला तिथे ‘अ‍ॅसेट’ म्हणतात. आता या पसाऱ्यात माणसांच्या जोडीला एआय एजंटही कामाला लागले आहेत. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याचा गंज कमी कर’ असं सांगितलं की एजंट फायली उघडतो, बदल करतो, चाचणी घेतो. पण त्याआधी त्याला कठडा सापडायला हवा. तो शोधून देणारं टूल कसं असावं, यावरचा हा संवाद.

मामा दादरकडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात तालिकेचं काम करून निवृत्त झालेला, राहणारा लालबागचा. भाची लोअर परळच्या एका छोट्या स्टुडिओत प्रोग्रामर. तिथे १९८२च्या गिरणी संपाच्या काळातल्या गिरणगावावर गेम तयार होतो आहे. ही दोघं आणि त्यांचा गेम काल्पनिक. त्यांच्या बोलण्यातली माहिती आणि त्यांच्यातला मतभेद मात्र खरा.

मामा : मला आधी एक सांग. फायलींना नीट नावं दिली, नीट फोल्डरांत ठेवल्या, तर शोधायला वेगळं टूल कशाला लागतं?

भाची : कारण त्या एका हाताने ठेवलेल्या नसतात. मॉडेल बनवणारा वेगळा, टेक्श्चर रंगवणारी वेगळी, आवाज रेकॉर्ड करणारा बाहेरचा, काही वस्तू ऑनलाइन विकत घेतलेल्या. कोणी ‘कठडा’ लिहितं, कोणी ‘रेलिंग’, कोणी ‘गॅलरी फायनल’ आणि आठवड्याने तीच व्यक्ती ‘गॅलरी फायनल नवीन’. आमच्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं की चारही एकाच लोखंडी कठड्याच्या आवृत्त्या आहेत. एजंट बहुधा कोरा येतो. वेगळी सोय केली नसेल तर काल काय पाहिलं ते त्याला आठवत नाही.

मामा : मग त्याला सगळी यादी वाचायला द्या.

भाची : तीच तर अडचण आहे. एजंटाच्या समोर एका वेळी किती मजकूर राहू शकतो याला मर्यादा असते, आणि वाचलेल्या मजकुराचे पैसे पडतात. हजारो नावांची यादी ओतली की कामाला जागा उरत नाही. शिवाय बिनकामाचं जितकं जास्त वाचेल तितकं त्याचं उत्तर भरकटतं. म्हणून मधे टूल हवं. एजंटाने विचारायचं, टूलने आठ-दहा नेमकी नावं द्यायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने टूल जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत जाहीर केल्यापासून असं टूल एजंटाला जोडणंही सोपं झालंय.

मामा : म्हणजे रंगनाथनांचा चौथा नियम. वाचकाचा वेळ वाचवा. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला हा. वाचक आता यंत्र आहे, एवढाच फरक.

भाची : फरक आणखी एक आहे. तुझा वाचक पुस्तक उघडून वाचू शकतो. आमच्या बहुतेक फायली उघडल्या तरी त्यांत वाचण्यासारखं काही नसतं. प्रोग्रामरांचं जुनं हत्यार म्हणजे ‘ग्रेप’. केन थॉम्प्सन यांनी १९७३च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलं. मजकुरात शब्द शोधायला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि कोडिंग करणारे एजंट आजही त्याच घराण्यातली हत्यारं वापरतात. पण टेक्श्चर म्हणजे रंगांचे आकडे, मॉडेल म्हणजे बिंदूंचे आकडे. तिथे ‘कठडा’ हा शब्द नसतोच. अनरियल या गेम बनवायच्या इंजिनच्या अ‍ॅसेट फायली तर मजकूर म्हणून वाचताच येत नाहीत.

मामा : आणि जिथे मजकूर असतो तिथे?

भाची : तिथे वेगळीच गंमत होते. युनिटी इंजिनमध्ये सीनची फाइल मजकूर म्हणून साठवता येते. तिच्यात चाळ असते, जिना असतो, कठडा असतो. पण ‘कठडा’ शोधलंस तर बऱ्याचदा काही मिळत नाही, कारण सीन कठड्याला नावाने ओळखत नाही. प्रत्येक अ‍ॅसेटशेजारी एक मेटा फाइल असते, तिच्यात ३२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो, आणि सीनमध्ये फक्त तो क्रमांक लिहिलेला असतो. नावावरून मेटा फाइल, तिच्यातून क्रमांक, क्रमांकावरून सीन अशा तीन उड्या माराव्या लागतात. नवखा एजंट पहिल्याच उडीला थांबतो आणि सांगतो, ‘हा कठडा कुठेच वापरलेला नाही, काढून टाकतो.’

मामा : अगं, हा तर दाखल क्रमांक झाला. पुस्तक ग्रंथालयात आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. पुढे पुस्तक या कपाटातून त्या कपाटात जाईल, नवी बांधणी होईल, वर्गांक बदलेल. दाखल क्रमांक बदलत नाही. देवघेवीत तोच लिहायचा. तुमच्या इंजिनने हे केलंय, म्हणजे नोंद आधी आणि शोध नंतर हे त्यालाही मान्य आहे.

भाची : अर्धं मान्य करते. कोणी मेटा फाइल मागे ठेवून नुसती फाइल हलवली की इंजिन नवा क्रमांक देतं आणि सीनमधले जुने दुवे तुटतात. गोडो इंजिन बराच काळ फाइलच्या पत्त्यावरच भर ठेवून होतं, त्यानेही आता फायलींना कायमचे ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केलीय. तेव्हा क्रमांक हवा, याबद्दल वाद नाही. पण क्रमांकाला अर्थ कळत नाही. तो कठडा गिरगावच्या चाळीचा आहे की लालबागच्या, गंजलेला की रंगवलेला, यातलं काहीच त्यात नसतं. अर्थापर्यंत जायला शोधच लागतो.

मामा : किंवा वर्णन.

भाची : वर्णन लिहायला वेळ कोणाकडे असतो, मामा? गेमच्या जगाची सवय जुनी आहे. १९९३च्या ‘डूम’मध्ये सगळी सामग्री वॅड नावाच्या फायलींत बांधलेली असायची. मूळ प्रोग्रामला हात न लावता लोक त्यातली सामग्री बदलू शकले आणि त्यातून हौशी निर्मात्यांची पिढी उभी राहिली. त्या फाइलच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक वस्तूला सोळा बाइट मिळायचे : चार जागेसाठी, चार आकारासाठी आणि नावाला आठ. आठ अक्षरांत कोण काय वर्णन करणार? तुटक नावांची सवय तिथपासूनची आहे. म्हणून मी म्हणते, माणसं नीट नावं देतील असं धरून चालूच नये. नावं वाईटच असणार, असं समजून टूल बनवावं.

मामा : बरं, तसं बनवलंस. मग ते काय करतं?

भाची : पहिलं म्हणजे चुकलेलं नाव समजून घेतं. ‘लालबाग’ रोमन लिपीत लिहिताना कोणी शेवटच्या ‘जी’आधी ‘यू’ घालतं, कोणी घालत नाही. ‘गिरगाव’च्या शेवटी कोणी ‘एन’ लावतं, कोणी जुन्या पाट्यांसारखा ‘एम’. किती अक्षरं बदलली की एक शब्द दुसऱ्यासारखा होतो, हे मोजायची पद्धत लेव्हेनश्टाइन यांनी साठच्या दशकात दिली. तिच्या आधाराने टूल जवळची नावं पुढे करतं. अलीकडे ज्या फायलींवर काम झालंय त्या वर आणतं. आणि जिथे शोधू नये तिथे शोधत नाही. युनिटी आपल्या आयात केलेल्या प्रती एका वेगळ्या फोल्डरात साठवतं. त्या कधीही पुन्हा बनवता येतात. टूल तिथे शिरलं तर एजंट मूळ सोडून प्रतीच बदलत बसतो.

मामा : देवनागरीतल्या नावांचं काय?

भाची : तिथे खरी कसोटी लागते. आमच्याकडे एका फाइलचं नाव ‘पायऱ्या’ आहे. चाळीचा लाकडी जिना आहे तो. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप करता येतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या नेहमीच्या सारखेपणाच्या नियमांनीही हे दोन एक होत नाहीत. एजंटाने एका पद्धतीने विचारलं आणि फाइल दुसऱ्या पद्धतीची असली, तर उत्तर येतं ‘पायऱ्या नाहीत’. मग तो नवा जिना बनवायला घेतो. मराठीत काम करायचं असेल तर हा नियम टूलमध्ये आपणच घालायला हवा. तो दुसरं कोणी आपल्यासाठी घालणार नाही.

मामा : हे मला पटलं. आता माझं ऐक. तुमच्या गेममध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशन आहे?

भाची : आहे ना. पहिल्या पाळीचे कामगार तिथेच उतरतात.

मामा : २०१८मध्ये त्याचं नाव प्रभादेवी झालं. कोणी तरुण कलाकार फाइलला ‘प्रभादेवी स्टेशन’ असं नाव देईल, कारण त्याला तेच ठाऊक आहे. एजंट पटकथा वाचून ‘एल्फिन्स्टन’ शोधेल. अक्षरं मोजणारी तुझी पद्धत इथे काय करेल? एका नावाचं दुसऱ्याशी एक अक्षर जुळत नाही. व्हीटीचं १९९६मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, तिथेही तेच.

भाची : इथे अक्षरांचा उपयोग नाही. खरं आहे.

मामा : याला आमच्याकडे ‘पाहा’ची नोंद असते. वाचक जुन्या नावाने आला की त्या नावाचं तालिकापत्र त्याला सांगतं : एल्फिन्स्टन रोड, पाहा प्रभादेवी. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकांसाठी, नाव बदललेल्या संस्थांसाठी, गावांसाठी अशी शेकडो पत्रं लिहावी लागतात. ते काम कोणतंही गणित करत नाही. ज्याला ती जागा ठाऊक आहे तो माणूस करतो. आणि तुमच्या गेमला तर त्यापुढचं हवं, कुठलं नाव कुठल्या वर्षापर्यंत. नाहीतर एजंट १९८२च्या फलाटावर प्रभादेवीची पाटी लावेल.

भाची : अर्थावरून शोधणारी पद्धतही आहे, मामा. ओपनएआयने २०२१मध्ये क्लिप नावाचं एआय मॉडेल आणलं. चित्र आणि त्याचं वर्णन अशा ४० कोटी जोड्यांवर ते शिकलं. तशा मॉडेलला ‘गंजलेला लोखंडी कठडा’ म्हटलं की फाइलचं नाव काहीही असो, ते चित्र पाहून ती पुढे करतं. अक्षरं जुळत नसली तरी अर्थ जुळतो.

मामा : त्या ४० कोटी जोड्या कुठल्या भाषेतल्या?

भाची : मुख्यतः इंग्रजी.

मामा : मग त्याला दहा बाय बाराच्या खोलीतली मोरी कळेल का? फडताळ, कोनाडा, गॅलरीच्या दांडीवरचं वाळत घातलेलं लुगडं, खाणावळीत भिंतीला लावून ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंका? मोरीला ते बाथरूम म्हणेल, आणि तुमचा एजंट तिथे नळ, आरसा आणि टाइल्स आणून बसवेल. चाळीत राहिलेल्या माणसाला ते घर परकं वाटेल.

भाची : म्हणून आम्ही आमची शब्दांची यादी जोडतो. पण मामा, ती यादी जोडल्यावर चित्रावरून शोध खरोखर कामाचा ठरतो, हेही मान्य कर. दहा हजार टेक्श्चरांची वर्णनं तू एकट्याने कधी लिहिणार होतास?

मामा : तेही खरं. एवढं काम एका माणसाच्याने होणार नाही. पण एक गोष्ट टूलकडून मला हवीच. नसेल तर ‘नाही’ म्हणावं.

भाची : यावर आपल्या दोघांचे सूर अगदी जुळतात. रिकामं उत्तर मिळालं की एजंट बहुधा दोनांतलं एक करतो : अस्तित्वात नसलेला पत्ता बनवून देतो, किंवा असलेलीच वस्तू पुन्हा बनवतो. महिन्याभरात एका भोंग्याचे पाच भोंगे होतात. म्हणून टूलने नुसतं ‘शून्य’ सांगून थांबू नये. कुठे शोधलं, काय वगळलं, जवळची नावं कुठली, कुठल्या फायली उघडताच आल्या नाहीत, हेही सांगावं. फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये मोठ्या फायली बऱ्याचदा एलएफएस नावाच्या सोयीने वेगळ्या ठेवतात. त्या उतरवून घेतल्या नसतील तर फोल्डरात फक्त तीन ओळींची चिठ्ठी असते. टूलने स्पष्ट सांगावं : ‘ही चिठ्ठी आहे, आवाजाची फाइल अजून आलेली नाही.’ नाहीतर एजंट चिठ्ठीलाच खराब फाइल समजून पुसून टाकेल.

मामा : आमच्या तालिकेतही ‘दुसरा खंड गहाळ’ असं लिहिलेलं असतं. ती नोंद वाचकाचा दिवस वाचवते.

भाची : आणि टूलला लिहायची परवानगी नसावी. शोधणाऱ्याने फक्त वाचावं. बदल करणारं हत्यार वेगळं, त्यावर माणसाची नजर वेगळी.

मामा : आता सर्वांत महत्त्वाचं. तुमच्याकडे माणसांचे आवाज आहेत ना?

भाची : आहेत. गिरणीत काम केलेल्या काही म्हाताऱ्या माणसांचे आणि खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे आम्ही रेकॉर्ड केले.

मामा : १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या घरांतलं आतलं बोलणं फार थोड्यांनी टिपून ठेवलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून हा इतिहास गोळा केला, २००४मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात प्रत्येक बोलणं कोणाचं, हे धरून ठेवलेलं आहे. आता तुमचा एजंट बघ. त्याला बाजारातल्या गर्दीचा गलका हवा. टूल त्याला बाईच्या आवाजाची चांगली, स्वच्छ फाइल देईल. ती बाई संपात घरातली भांडी विकल्याचं सांगत होती. एजंट तिचा आवाज गर्दीत मिसळून देईल, कारण त्याच्या दृष्टीने तो एक आवाज आहे.

भाची : आणि तिने परवानगी कशासाठी दिली होती, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

मामा : तेच म्हणतोय. सापडणं आणि वापरायचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी. ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकावर शिक्का असतो : घरी नेण्यास नाही. शोधाच्या निकालातच तो शिक्का दिसायला हवा. नंतर कोणीतरी तपासेल म्हटलं, तर नंतर कोणी तपासत नाही.

भाची : हे मी टूलमध्ये घालेन. निकालात नाव, ओळख क्रमांक, कुठे वापरली आहे, कोणाकडून आली आणि परवानगी कशाची. परवानगीची जागा रिकामी असेल तर एजंटाने ती फाइल वापरायची नाही.

मामा : आणि ती जागा भरायची कोणी?

भाची : इथे आपलं जमणार नाही. तू म्हणशील सगळं माणसाने लिहावं. आमचा स्टुडिओ पाच माणसांचा आहे. वर्णन एजंटालाच लिहू दे. ‘लोखंडी कठडा, गंजलेला, दुसऱ्या मजल्यासाठी’ हे तो बघून लिहू शकतो. फक्त त्यावर खूण असावी : यंत्राने लिहिलं, तपासलेलं नाही.

मामा : खूण असेल तर वर्णनाला माझी हरकत नाही. पण नावांच्या ‘पाहा’ नोंदी, वस्तू कुठून आली आणि परवानगी या तीन गोष्टी माणसानेच लिहायच्या आणि खाली सही करायची. यंत्र अंदाजाने परवानगी लिहू शकत नाही. आणि पाच माणसांच्या स्टुडिओला हे जमत नसेल, तर सहावं माणूस तालिका जाणणारं घ्या.

भाची : सहाव्या माणसाचा पगार कुठून आणायचा, हा प्रश्न तू सोडवत नाहीस.

मामा : आणि ते माणूस नसल्यामुळे पाच भोंगे, चुकीच्या पाट्या आणि एका बाईच्या आवाजाचा दुरुपयोग, हा खर्च तू हिशेबात धरत नाहीस.

संवाद इथे थांबतो, मतभेद संपत नाही. माझं मत दोघांच्या मधे नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी मामाच्या बाजूने आहे. भाचीचं टूल हवंच. अक्षरांच्या चुका झेलणारं, क्रमांकांचे दुवे उलगडणारं, चित्र पाहून ओळखणारं आणि नसेल तर तसं सांगणारं टूल नसेल, तर एजंट गेममध्ये आंधळेपणाने हात घालतो. पण शोध जे लिहिलेलं किंवा दिसणारं आहे तिथवरच पोहोचतो. एल्फिन्स्टन म्हणजेच प्रभादेवी, हा आवाज अमक्या बाईचा, तो अमक्या कामापुरता मिळाला, या गोष्टी फाइलच्या पोटात नसतात. त्या लिहिल्या तरच आहेत. उद्याचा एजंट आजच्यापेक्षा हुशार असेल, पण न लिहिलेली परवानगी त्यालाही वाचता येणार नाही.

हा प्रश्न आता मुंबईच्या दारात आहे. २०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला, तेव्हाच दिसलं की आपल्या चित्रपरंपरेतून जगभर खेळला जाणारा गेम इथे बनू शकतो. जुलै २०२५मध्ये पेडर रोडवर एनएफडीसीच्या आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. गेमिंग, अ‍ॅनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकवण्यासाठी ती उभी आहे. तिथली मुलं लवकरच गिरगावच्या वाड्या, परळच्या चिमण्या, दादरचा फुलबाजार गेममध्ये आणतील आणि त्यांच्या शेजारी एजंट कामाला असतील. त्यांच्या अभ्यासक्रमात तालिका आणि नोंदणीला जागा हवी. आपल्या विद्यापीठांतून ग्रंथालयशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्यांनीही हे काम आपलं आहे असं समजावं. स्टुडिओंना त्यांची गरज आहे, ती अजून स्टुडिओंच्या ध्यानात आलेली नाही एवढंच.

तोवर छोट्या स्टुडिओंना एकच विनंती. पहिली फाइल तयार होईल त्याच दिवशी चार रकान्यांची एक वही उघडा : नाव, दुसरी नावं, कुठून आली, परवानगी कशाची. पहिल्या आठवड्यात ती दहा मिनिटांत भरते. दोन वर्षांनी भरायला घ्याल, तर ज्यांना विचारायचं ती माणसं कदाचित भेटणारही नाहीत. एजंट त्यानंतर आणा.